न्यूयॉर्कहून आलेलं वारं

साताऱ्यातला पहिला रॅपर मी. दुसरा बरीच वर्षं कुणी झाला नाही, कारण माझं काय झालं ते लोकांनी पाहिलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्याला शिकणाऱ्या मावसभावाने एक कॅसेट आणली. ऐकतो तर काय, तिच्यात गाणंच नाही! एक माणूस तोंडाने ढोल वाजवतोय आणि दुसरा त्या तालावर भांडतोय. नुसतं यमकात भांडण! मला सूर जन्मापासूनच नव्हता, त्यामुळे ही कला खास माझ्यासाठीच निघालीय याबद्दल मला शंका उरली नाही. हे तोंडाने ढोल वाजवणारे माझे पहिले लाडके. मग सोन्याच्या साखळ्या घालणारे आले, मग फारच रागावलेले आले, मग आपल्याकडचे, हिंदीत रॅप करणारे आले. मी सगळ्यांवर सारखंच प्रेम केलं. (अमेरिकेतल्यांचा एकही शब्द कळत नव्हता. प्रेमात त्याने काही बिघडलं नाही.) टेप गुंतली की पेन्सिल घालून कॅसेट फिरवत बसायचो, आणि तेवढा वेळही तोंडाने ढोल चालूच.

त्यांच्यासारखी ढगळ पॅन्ट साताऱ्यात मिळेना, म्हणून मी अप्पांची घालायचो. अप्पा म्हणजे माझे वडील. सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, अंगाने माझ्या दुप्पट.

"पट्टा आवळ!" ते ओरडायचे. "पॅन्ट घातलीय का तंबू ठोकलाय?"

अशात माझ्या लग्नाचं निघालं. आधीची स्थळं माझी पॅन्ट बघूनच परत फिरली होती. शेवटी सांगलीचं एक स्थळ आलं. मुलीचे वडील, तात्या, हळदीचे व्यापारी. मुलगी वैशाली, शाळेत शिक्षिका. फोटो पाहिला आणि मी गारच झालो. हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून आईने बजावलं, "तिथं तोंड उघडू नकोस. विचारलं तर वाचनाची आवड आहे म्हण."

आई, अप्पा आणि मी एसटीने सांगलीला पोचलो. बैठकीत तात्या, शेजारी म्हसवडहून मुद्दाम आलेली त्यांची बहीण. सगळे तिला आत्याबाई म्हणत.

"नोकरीचं कळलं आमास्नी," तात्या म्हणाले. "छंद काय हाय?"

"रॅप!" मी म्हणालो. आईने डोळे मिटून घेतले.

"त्ये काय असतंय?"

"करूनच दाखवतो की!"

आणि मी उठलो. तोंडाने ढोल सुरू केला, खांदे उडवले, मान पुढे-मागे केली, बोटं ताणून हात हवेत फिरवले. तेवढ्यात अप्पांची पॅन्ट घसरली! मी एका हाताने कंबर धरली आणि दुसऱ्या हाताने कला चालू ठेवली.

सगळे आ वासून बघत राहिले. मला वाटलं, जिंकलं!

आत्याबाई ताडकन उठल्या. "आवं तात्या, बघताय काय? पोराच्या अंगात वारं आलंया! हळद-कुकू आना!"

आता सांगलीत, तेही हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरात, हळदीला काय तोटा! दुसऱ्या घरी चिमूटभर लावली असती. इथे ओंजळीने लावली. कपाळ, नाक, कान, सगळं पिवळं. मी शिंकलो. आत्याबाईंनी त्या शिंकेलाही हात जोडले.

मी घाबरून अप्पांकडे पाहिलं. ते दात न उघडता पुटपुटले, "थांबू नकोस. देव ठरलास तर लग्न होईल. थांबलास तर येडा ठरशील."

सुभेदारांचा हुकूम! मी ढोल चालू ठेवला.

"देवा, कुठनं आलास रं?" आत्याबाईंनी विचारलं.

खोटं बोलायचं मला सुचलंच नाही. "न्यूयॉर्क!"

"आगं बया, लय लांबनं आलंया! पानी द्या आदी!"

पाणी आलं. खिडकीत शेजारीपाजारी जमले. "माझी म्हस आटलीया, देवा!" कुणीतरी बाहेरूनच ओरडलं. आत्याबाईंनी सगळ्यांना गप्प केलं. "देवानं कंबर धरलीया, दिसत न्हाई व्हय? त्यो माझ्या कंबरंचं सांगाय आलाय! कवा बरी हुनार, देवा?"

मी कंबर सोडली असती तर वेगळाच साक्षात्कार झाला असता. मी नुसती मान हलवली. मान तशीही हलतच होती.

"बरी हुनार म्हनतोय!" आत्याबाई रडायलाच लागल्या.

एवढ्यात पोह्यांच्या बश्या घेऊन वैशाली आली. तिने मला पायापासून पिवळ्या डोक्यापर्यंत पाहिलं. तिच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. तिने ओळखलं होतं! शहरातली मुलगी, टीव्हीवर रॅप पाहिलेली. आता ती एक वाक्य बोलली की आमची वरात थेट एसटी स्टँडवर!

तिने बश्या खाली ठेवल्या आणि शांतपणे हात जोडले.

"देवा, या मुलाशी लग्न केलं तर माझी नोकरी चालू राहील का?"

मी जोरजोरात मान हलवली.

"आणि नोकरी करून आल्यावर घरात भांडी कोण घासणार?"

बैठकीतला प्रत्येक माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता. आणि रॅपचा एक मोठा दोष आहे: यमक एकदा सापडलं की तोंड थांबत नाही.

"भांडी मी घाशीन! फरशी मी पुशीन! भाजी मी चिरीन! कणीक मी मळीन! दळण मी आणीन! धुणं मी वाळवीन!"

"अरे पुरे!" आई कळवळून ओरडली. "मोलकरीण होशील!"

पण तालात होतो ना! थेट लोणचं घालीन, पापड लाटीनपर्यंत गेलो, आणि दम संपल्यावरच खाली बसलो. तात्यांनी डोळे पुसले. "साक्षात देवानं शबूद दिला, आता आमी कोन न्हाई म्हननार? पोरगी दिली!"

वैशाली पोह्यांची बशी माझ्यापुढे धरत हळूच म्हणाली, "ताल चुकला मधे. पण शब्द फार छान होते. सगळे लक्षात ठेवलेत मी."

तिने ठेवले. अजून ठेवलेत.

परवा मुलीने मोबाईलवर एका नव्या पोराचं रॅप लावलं. आपल्याच भाषेत, 'लय' आणि 'गड्या' म्हणत सुसाट सुटलेलं पोरगं! माझा ऊर भरून आला. मी तिला जुन्या कॅसेटवाल्यांपासून या पोरापर्यंत सगळा इतिहास सांगायला बसलो. बसलो म्हणजे, उभाच होतो. पहिल्या ढोलवाल्याची नक्कल करायला मी हात वर केले, तर कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"बाबा, तुम्ही पण खरंच रॅप करायचात?" मुलीने कौतुकाने विचारलं.

मी छाती फुगवून उत्तर देणार, एवढ्यात बाहेरच्या खोलीतून अत्यंत भक्तिभावाने आवाज आला,

"देवा, कढई राहिली!"