काउंट, साठे आणि ग्रीन कार्ड

ले-ऑफच्या दिवसांत ऑफिसात काम कमी होतं आणि किस्से वाढतात. डॉट कॉमचा फुगा फुटल्यावर पार्सिपनीच्या आमच्या लंच टेबलावर इतके जमले, की हसावं का शिव्या द्याव्यात कळेना! त्यातले बहुतेक साठ्यांचे.

साठे आमच्यात वयाने मोठे. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेले. नोकरी गेली की अर्ज बाद, आणि मुलगी रुचा इथेच वाढलेली, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. डब्याशेजारी कायम एकच जाडजूड पुस्तक: अठराव्या शतकातल्या एका रशियन मंत्र्याचं चरित्र. आम्ही त्याला नुसतं ‘काउंट’ म्हणायचो.

“मूळचा जर्मन. नोकरीसाठी रशियात गेला आणि थेट राज्यकारभार बघायला लागला!” साठे सांगायचे.

“व्हिसा कोणता होता हो?”

“राजाची मर्जी. आपलाही तोच!”

*

मॅनेजर बदलला, की साठे सिक लीव्हवर. एकदा काळजीने फोन केला, तर मागे कुकरच्या शिट्ट्या आणि साठे ठणठणीत.

“काउंटची पॉलिसी रे! गादी रिकामी झाली की अंथरूण धरायचं. नवा राजा बसला की उठायचं.”

*

आमच्या टेबलावरच्या निखिलला काढलं तेव्हा आम्ही निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. साठे मनगट चोळत म्हणाले, “हात दुखतोय.”

धोक्याचा कागद पुढे आला की काउंटच्या हातालाही म्हणे संधिवात व्हायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “लाज नाही वाटत?”

“वाटते ना. पण रुचाचं कॉलेज व्हायचंय.”



*

मग साठ्यांचं काम पुण्याला पाठवायचं ठरलं. तिथल्या टीमला शिकवायचं साठ्यांनीच, फोनवरून. पहिल्याच कॉलवर पलीकडून आवाज, “काका, मी मंदार!” सख्खा पुतण्या! साठ्यांनी इतकं जीव ओतून शिकवलं, की ट्रेनिंग वेळेआधीच संपलं. वरून ‘एक्सलंट’ असा मेल आला. हरामखोर कुठले!

*

पुढच्याच शुक्रवारी साठ्यांना आत बोलावलं, बॅज काढून घेतला आणि गार्डने बाहेर सोडलं. मी धावत पार्किंग लॉटमध्ये गेलो. बर्फ भुरभुरत होता.

“ग्रीन कार्ड?”

“संपलं,” म्हणाले, आणि स्वतःच सुरू झाले. “नवी राणी गादीवर आली, तिने काउंटला मृत्युदंड दिला. मान ओंडक्यावर ठेवली, जल्लाद तयार, तेवढ्यात माफीचा हुकूम! मरण नाही, सायबेरिया. काउंट उठला आणि म्हणाला, ‘माझा विग आणि टोपी द्या.’ बास, एवढंच!”

साठ्यांनी केसांवरचा बर्फ झटकला.

“त्याला सायबेरिया, मला पुणे. रुचाला विचारशील तर दोन्ही सारखंच.”

नुसत्या शर्टावर उभे होते, कुडकुडत.

“अरे, माझा कोट खुर्चीवर राहिलाय. मला आत सोडत नाहीयेत. तेवढा आणून देतोस का?”