फ्रिजमधले कंद

“नळाचं पाणी नको, वहिनी!” माझ्या हातात झारी दिसली, की आमचे कॅनडातल्या लव्हालचे शेजारी कुंपणापलीकडून ओरडायचे. त्यांच्या कुंड्यांना फक्त पावसाचं पाणी चालायचं. असा एखादा निवृत्त इंजिनियर, मुलांनो, तुमच्याही गल्लीत असेल.

ग्रास-पिंक नावाचं, इथल्या दलदलीत उगवणारं गुलाबी ऑर्किड त्यांना अंगणात फुलवायचं होतं. रानातून खणून आणायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणून नर्सरीतून हरभऱ्याएवढे कंद मागवले. पहिले दोन हिवाळे बाहेरच्या कुंडीत ते कुजले. पुन्हा मागवले. मग मात्र मे महिन्यात कुंडीत आणि नोव्हेंबरात ओल्या शेवाळात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या खणात, असा क्रम सुरू झाला.

“आमच्याकडे भाजी कमी, चिखल जास्त,” त्यांची बायको मला सांगायची.

“चिखल नाही गं, शेवाळ.”

“फूल येईल तेव्हा बोला!”

चौथ्या वर्षी कंद सुपारीएवढे झाले. “या जूनला नक्की,” त्यांनी तिला सांगितलं. तेव्हा ती हॉस्पिटलमध्ये होती. “मग जूनपर्यंत थांबते,” ती म्हणाली. फेब्रुवारीत गेली.

अंत्यविधीचं ठरवायला ते फ्यूनरल होमला गेले, किल्ली माझ्याकडे. सुतकाच्या घरात शिळं राहू नये, म्हणून मी फ्रिज रिकामा केला, खण साबणाने धुतले. कुजक्या आल्यासारखं काहीतरी एका पिशवीत होतं, तेही टाकलं. त्या कंदांबद्दल चार वर्षं ऐकत होते, तरी माझा हात थांबला नाही. कचऱ्याची गाडी त्याच सकाळी आली.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे पिठलं-भात घेऊन गेले. त्यांनी खण उघडला.

“वहिनी, इथली पिशवी?”

“खराब झालं होतं, टाकलं,” म्हटलं, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं.

त्यांनी रिकाम्या खणातून हात फिरवला. “तिच्या फोटोपुढे ठेवणार होतो पहिलं फूल,” म्हणाले. मग हळूच, “छान स्वच्छ झालाय.”

मी माफी मागितली. नवे कंद मागवून त्यांच्या दारात नेले. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

“अजून चार वर्षं कोणासाठी, वहिनी?”

जूनमध्ये घर विकून ते मुलीकडे व्हँकुव्हरला गेले. गाडी निघाली तेव्हा रस्त्यावरच्या प्रत्येक घराकडे बघून त्यांनी हात हलवला. माझ्या खिडकीसमोरून जाताना त्यांची मान सरळ होती.