विचारलं तेवढंच

दुबईत काउंटरवर कसं बोलायचं, हे आमच्या ह्यांनी मला पहिल्याच वर्षी घोटवून घेतलं होतं. विचारलं तेवढंच सांगायचं. व्हिसा असो, मेडिकल असो, एक शब्द जास्त बोललात की समोरचा आणखी एक कागद मागतो आणि अरबीत अर्ज टाइप करून देणाऱ्या टायपिंग सेंटरच्या रांगेत पुन्हा पहिल्यापासून उभं राहावं लागतं. नियम चांगलाच होता. आमचा एकही अर्ज कधी परत आला नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही दुबईतल्या करामा भागात राहायचो. एका संक्रांतीला हळदीकुंकू उरकून मी आणि शेजारच्या वहिनी मागच्या गल्लीतून परत येत होतो. पांढऱ्या टी-शर्टातल्या एका माणसानं वहिनींचं मंगळसूत्र ओढलं आणि धूम ठोकली. वहिनी आपटल्या. आमच्या बिल्डिंगखाली गाड्या धुणारा बांगलादेशी तिथंच काच पुसत होता. त्यानं बादली टाकली आणि चोराच्या मागे पळाला. मी ह्या डोळ्यांनी पाहिलं. चोरानं हातावर तुरी दिल्या, आणि कोपऱ्यावर पोलिसांनी धरलं कुणाला, तर ह्याला. पळताना दिसला ना. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शाळेत निबंधात घालून मार्क मिळवले होते.

तो परोपरीनं सांगत होता, पण गाड्या धुणाऱ्याचं ऐकतो कोण? वहिनींनी चेहराच पाहिला नव्हता, त्यांनी तसं सांगितलं. साक्षीदार उरले मी एकटी. पोलीस ठाण्यात जाताना टॅक्सीतच हे म्हणाले होते, "हे बघ, विचारतील तेवढंच सांग. पुढच्या महिन्यात व्हिसा रिन्यू व्हायचाय. आ बैल मला मार नको." ठाण्यात ते माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसले.

दुभाष्यानं हिंदीत विचारलं, "ये आदमी वहाँ था?"

"था."

"भाग रहा था?"

"हां."

आता 'क्यों' विचारतील म्हणून मी वाट बघत बसले. उत्तर जिभेवर तयार होतं. गाड्या धुणारा समोरच्या बाकावरून माझ्याकडे बघत होता, अगदी निर्धास्त. भाभी आल्या, म्हणजे सुटलोच आपण, असा. 'क्यों' कुणी विचारलंच नाही. "खलास, साइन करो," दुभाष्या म्हणाला. अरबीतल्या कागदांवर न वाचता सही करायची आम्हाला सवयच होती. मी केली. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "बरं झालं, लवकर आटोपलं."

घरी मी कडाकडा भांडले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता परत जाऊ, त्या माणसाचा जीव टांगणीला लागलाय. हे म्हणाले, "आता बदललंस तर आधी लपवलंस असं होईल. आपला व्हिसा, पोरीची शाळा, सगळंच जाईल. त्याला सोडतील गं, इन्शाल्ला." माझ्याकडे ह्यावर उत्तर नव्हतं, असं मी पुढे कैक वर्षं सांगत आले. खरं सांगू? ते ऐकून मला हायसं वाटलं. त्याची आजही शिसारी येते.

दीड महिन्यानं खाली गाड्या धुवायला दुसराच माणूस आला. तोवर आमचा व्हिसा पासपोर्टवर लागलाही होता. भाजी घेऊन येताना मी एकटीच होते. विचारलं, पहिलेवाला कहाँ गया?

"जेल में था, फिर वापस भेज दिया," तो म्हणाला. "मेरे ही रूम का आदमी था. हम लोग मिलने जाते थे ना, तो एक ही बात बोलता था. भाभी ने सब देखा है, भाभी आके बोलेगी. आखिरी दिन तक बोला."

मग फडकं पिळता पिळता त्यानं माझ्याकडे निरखून बघितलं.

"वो भाभी आप ही हो क्या?"

"नहीं," मी म्हटलं. "वो भाभी तो इंडिया चली गई."