गोदामावशीच्या बोटांचे डॉक्टर

हात दुखतो, हे आमच्या गावात फक्त स्वतःशी बोलावं. मोठ्यानं बोललात की संपलं! संध्याकाळपर्यंत दारात चार तेलं, दोन पाले आणि एक तांब्याचं कडं येऊन पडतं. आणणारा प्रत्येक जण शपथेवर सांगतो, "माह्या साळ्याच्या सासूले यानंच फरक पडला!" ही सासू आजवर कुणी पाहिलेली नाही. गेल्या दोन वर्षांत असे इतके किस्से जमलेत, की पापडांऐवजी तेच पाकिटात भरून विकावेत असं मला वाटायला लागलंय.

गाव म्हणजे धामणगाव बढे. बाजाराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये आमचा बायकांचा गट बसतो. पापड, कुरडया, शेवया आणि उन्हाळ्यात सरगुंडे. सरगुंडे म्हणजे काय हे पुण्याच्या लोकांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. घट्ट कणकेची सुतळीएवढी बारीक दोरी वळायची, ती काडीवर फेऱ्याला फेरा लावून गुंडाळायची आणि हलक्या हातानं काडी ओढून घ्यायची. मग उकडायचं आणि आमरसात बुडवून खायचं. जावई आला आणि आमरसाबरोबर सरगुंडे नाहीत, तर आमच्याकडे त्याला पाहुणचार म्हणत नाहीत.

गटात गोदामावशीसारखे सरगुंडे कुणाचे नाहीत. एकसारखे, जणू मोजपट्टी लावून केलेले. पण दोन वर्षांपासून सकाळी तिची मूठच मिटत नाही. पेरं सुजलेली, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा. तिला मात्र दुखण्यापेक्षा भीती वेगळीच. पुण्याचा जावई दर मे महिन्यात येतो आणि सासूच्याच हातचे सरगुंडे मागतो. "यंदा त्याईले काय वाढू व मास्तरीण?" असं मला रोज विचारायची. माझा नवरा मास्तर होता, म्हणून मी मास्तरीण. बाकी माझं शिक्षण बारावी आणि काम पॅकिंगचं.

*

पहिला इलाज आमच्या अध्यक्षांचा. निर्मलाताई. या बाई अध्यक्ष झाल्यापासून साधं "बसा" पण ठराव पास केल्यासारखं म्हणतात.

त्यांनी जाहीर केलं, "एरंडाचं पान गरम करायचं, तेल लावायचं, हाताले बांधायचं. एकट्या गोदानं नाई, सगळ्याइनं! आज ना उद्या सगळ्याइचेच हात दुखणार हायेत."

घरी कुणी बांधणार नाही याची त्यांना खात्री. म्हणून कार्यक्रम शेडमध्ये, त्यांच्या देखरेखीखाली. आम्ही आठ जणी मनगटापासून बोटांपर्यंत हिरव्यागार, ओळीनं बसलो. नेमक्या त्याच वेळी बुलढाण्याहून तपासणीच्या मॅडम आल्या! आमची स्वच्छता बघून त्या मोठी ऑर्डर देणार होत्या.

मॅडम दारातच थबकल्या. "हे काय? सगळ्यांना भाजलंय का?"

निर्मलाताईंनी पापणीसुद्धा हलवली नाही. "नाई मॅडम. आमच्याकडे प्लास्टिकबंदी हाये. हे हँडग्लोव्हज!"

मॅडमनी फोटो काढला. ऑर्डर मिळाली. वर शेरा आला, "पर्यावरणपूरक गट". गोदामावशीची मूठ मात्र दुसऱ्या दिवशीही मिटली नाही.

*

आता आमच्या घरचे तज्ज्ञ. मास्तर रिटायर झाल्यापासून त्यांच्या बोटांना एकच काम आहे. मोबाइलवर खालून वर सरकवायचं! एके दिवशी शेडमध्ये येऊन उभे राहिले आणि चष्मा कपाळावर सरकवून वाचायला लागले, "मोहरीच्या तेलात लसणाच्या पंचवीस पाकळ्या जाळून..."

शहनाज आपा कुरडयांचा चीक ढवळत होत्या. आमच्या गटात कमीत कमी बोलणारी बाई. त्यांनी विचारलं, "मास्तर, ह्या पंचवीस पाकळ्या सोलायच्या कोणी? जिचे बोटं दुखून राह्यले, तिनं?"

मास्तर गडबडले. "मी सोलतो ना! त्यात काय एवढं?"

बसले सोलायला. सहाव्या पाकळीला उठले. "नखात आग होऊन राह्यली," म्हणाले आणि घरी जाऊन दुपारभर पंख्याखाली पालथे पडले. संध्याकाळी त्यांच्या नखाला मीच तूप लावलं. उरलेल्या एकोणीस पाकळ्या चटणीत गेल्या. तो मेसेज त्यांनी आणखी चार ग्रुपवर पाठवला, हे वेगळं सांगायला नकोच.

*

एक किस्सा हसण्यावारी नेता येत नाही, तरी सांगते.

नांदुऱ्याच्या बाजारात एक जीपवाला यायचा. भोंगा लावून ओरडायचा, "वात, आमवात, सांधेवात, सात दिवसांत साफ!" काळ्या गोळ्या, कागदाच्या पुडीत. मावशीचा मुलगा सुनील घेऊन आला. दवाखान्यात न्यायला याला वेळ नाही, बाजारात भोंग्यापुढे उभं राहायला आहे!

आणि गंमत म्हणजे चौथ्या दिवशी मावशीचे हात मोकळे झाले. टाळ्या वाजवून दाखवल्या तिनं. निर्मलाताईंनी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

पंधरा दिवसांनी मावशीचा चेहरा फुगायला लागला. गालावर गाल. जी बाई भेटेल ती म्हणे, "काय व गोदा, सून चांगलं खाऊ घालून राह्यली वाटते!" सून फुशारली. सुनील फुशारला. शेवटी मावशीला चालताना दम लागायला लागला, तेव्हा शहनाज आपांनी आणि मी तिला धरून बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पुडी बघितली आणि कपाळावर हात मारला. "यात स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आजी. म्हणून तोंड सुजलंय. साखर पण वाढलीय. पण एकदम बंद करू नका हं, मी सांगेन तसं कमी करायचं." मग रक्त तपासलं. संधिवात निघाला. रोजच्या गोळ्या लिहून दिल्या. सकाळी कोमट पाण्यात हात धरायचे, बोटं हळूहळू हलवायची, काम मध्येमध्ये थांबवायचं आणि दर महिन्याला दाखवायला यायचं. इतकं साधं सांगितलं की मावशीचा विश्वासच बसेना.

गोळ्या तिनं देव्हाऱ्यात ठेवल्या. म्हणे, लय दुखलं तं खाईन. आठ दिवसांनी शहनाज आपा घरी गेल्या, पाकीट उचललं आणि मावशीच्या हातात दिलं. "गोदा, तुह्या देवाले संधिवात नाई. तू खाय."

तेव्हापासून रोज सकाळी आपा आधी मावशीच्या दारात जातात, गोळी गिळलेली बघतात, मगच शेडवर येतात.

*

मोताळ्याला आरोग्य शिबिर होतं. तिथं हाताचे व्यायाम शिकवणारी एक गोड मुलगी आली होती, नुकतीच शिकून बाहेर पडलेली. तिनं प्रत्येकीला रबरासारखा एक निळा गोळा दिला. "आजी, हा रोज मळायचा. दाबायचा. मग अशी लांब दोरी करायची आणि बोटाभोवती गुंडाळायची. छान व्यायाम होतो!"

मावशी गोळ्याकडे बघतच राहिली. "बाई, हेच तं मी चाळीस वर्षं करून राह्यली. म्हणून तं इथं आली!"

मुलगी हसली. "नाही हो आजी, हा मेडिकल गोळा आहे. मऊ असतो. आणि थोडाच वेळ करायचं."

आपांनी तो नाकाशी धरला, बोटानं दाबून बघितला आणि मावशीच्या कानात म्हणाल्या, "कणीक बरी हाये, पण मीठ नाई टाकलं."

*

कोमट पाण्यानं मात्र खरंच बरं वाटायला लागलं. सकाळी उठल्यावर मावशी ओट्यावर बसायची, पुढ्यात पाण्याचं घमेलं, त्यात दोन्ही हात. दहा मिनिटं. हळूहळू बोटं उघडायची, मिटायची. आख्ख्या आयुष्यात या बाईनं एवढा वेळ रिकामी बसून काढला नव्हता.

एके दिवशी मी शेडवर जाताना तिच्या दारात थांबले. मावशी डोळे मिटून बसली होती. सुनील आतून चहा पीत आला, घमेल्याकडे बघितलं आणि कप हळूच पाण्यात सोडला.

मावशीनं डोळे उघडले.

"तुहे हात पाण्यात हायेतच आई," सुनील म्हणाला, "तं घे इसळून."

मागून सुनेनं दोन ताटल्या आणल्या!

मला असा राग आला म्हणता! तोंडात आलेलं सगळं बोलून मोकळी झाले असते, पण मावशीनं मानेनंच नको म्हटलं. कप विसळला, ताटल्या विसळल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला हात रिकामे नव्हते.

*

मग एप्रिलच्या शेवटी जावयांचा फोन आला. हे जावई साधेसुधे नाहीत. पुण्यात हाडांचे डॉक्टर! मावशीची मुलगी मनीषा त्यांच्याच दवाखान्यात नर्स होती, तिथं जमलं. मावशीनं फोन शेडमध्येच स्पीकरवर लावला. आम्ही सगळ्या हात थांबवून ऐकायला लागलो.

"आई, मनीषानं रिपोर्ट दाखवले. त्या डॉक्टरांच्या गोळ्या अगदी बरोबर आहेत, चालू ठेवा. पण आता हातांना पूर्ण आराम. मळणं नाही, वळणं नाही, पिळणं नाही. मी जावई म्हणून नाही, डॉक्टर म्हणून सांगतोय. लेटरहेडवर लिहूनच पाठवतो, म्हणजे घरातले ऐकतील."

काय तो आवाज! काय ती माया! निर्मलाताईंनी पदरानं डोळे टिपले. "पाह्यलं? पोटच्या पोरापेक्षा जावई बरा."

"आणि आई," फोनमधून आलं, "यंदा सरगुंडे जरा जास्त करा हं. माझ्या दोन मित्रांनाही न्यायचेत. मशीनचे नकोत, कुणा दुसरीचे नकोत. तुमच्या हातचेच!"

फोन बंद झाला. 

"मावशी, आम्ही करून देऊ," मी म्हटलं. "आपा वळतील. जावयांना काय कळतंय?"

"मनीषाले कळते," मावशी म्हणाली. "अन् मी खोटं वाढू? माह्या घरी जेवाले येणाऱ्या माणसाले?" मग आपल्या बोटांकडे बघत बसली. बरीच सुधारली होती बोटं. दोन डबे सरगुंडे वळले असते तर पुन्हा होती तिथं गेली असती, हे तिला ठाऊक होतं. नाही म्हणावं तर तो जावई! आमच्याकडे जावयाला पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलू देत नाहीत.

लेटरहेड मोबाइलवर आलं. मावशीनं मला त्याची मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून आणायला लावली आणि जेवायला बसतात तिथं, कॅलेंडरशेजारी चिकटवली. 

*

जावई आणि मनीषा आले. नांदुऱ्याच्या स्टेशनवरून सुनीलनं गाडीत घालून आणलं. आंबे उतरवायला मदत म्हणून मी, आपा आणि निर्मलाताई मावशीच्या घरी हजर. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल.

ताट मांडलं. आमरसाची वाटी, तूप, पापड, कुरडई. जावई मांडी घालून बसले. हात चोळले. "आई, सरगुंडे?"

मावशीनं त्यांच्यापुढं पाट ठेवला. पाटावर सुनेनं मळलेला कणकेचा गोळा आणि काड्या.

"बापू," मावशी म्हणाली, "डॉक्टरनं मले मना केलं. मळाचं नाई, वळाचं नाई."

"कुठल्या डॉक्टरनं?"

मावशीनं भिंतीकडे बोट दाखवलं. जावयांनी मान वर करून स्वतःची सही वाचली.

निर्मलाताई कासावीस. "अव गोदा, जावई हायेत थे! लोक काय म्हणतील?" सुनील तर दारातून पसारच झाला. मनीषाचं तोंड आधी लाल झालं. मग ती नवऱ्याशेजारी बसली आणि काडी त्याच्या हातात दिली. "कर ना. सोपं असतं म्हणतोस ना तू?"

माणूस तसा वाईट नाही. बाह्या सरसावल्या, बसला. दोरी तुटली. पुन्हा तुटली. काडी ओढली की सगळंच काडीबरोबर निघून यायचं. आपा शेजारी बसून दाखवत होत्या, "अंगठा ढिला सोडा बापू." मोडून-जोडून पाऊण तासात नऊ सरगुंडे झाले. एक बोटाएवढं, एक मनगटाएवढं. मावशीनं ते उकडले, तूप सोडून वाढले. जावयांनी नऊच्या नऊ मान खाली घालून खाल्ले. रस सगळ्यांनीच खाल्ला. वाट्या तिथंच पाटाभोवती राहिल्या.

खाऊन झाल्यावर ते अंगठा दाबायला लागले. "आई, इथं चांगलंच दुखायला लागलंय हो. मूठ मिटेना."

निर्मलाताई ताडकन उठल्या. "एरंडाचं पान आणू?"

"काही नको," मावशी म्हणाली. आत गेली आणि कोमट पाण्याचं घमेलं आणून जावयांच्या पुढ्यात ठेवलं. स्वतः त्यांचे दोन्ही हात धरून पाण्यात सोडले. जावयांनी डोळे मिटले. "आहाहा! आई, काय बरं वाटतंय!"

"वाटतेच," मावशी म्हणाली. मग खाली वाकून तिनं आमरसाच्या वाट्या एकात एक घातल्या, एकूण सात, आणि हळूच घमेल्यात सोडल्या.