अण्णांच्या माशांचं पाणी

आमच्या अण्णांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, आणि त्याला कारण मासे होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर बसवर ड्रायव्हर. भोकरदन ते जालना आणि जालना ते भोकरदन, एवढंच त्यांचं जग. रिटायर झाल्यावर एकदा दाढ काढायला जुन्या जालन्यात गेले. दाताच्या डॉक्टरांकडे काचेच्या टाकीत मासे होते. अण्णा त्यांच्यासमोर तासभर बसले आणि संध्याकाळी एक दाढ कमी, सहा एंजल मासे जास्त, असे घरी आले. एंजल म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराचा चपटा मासा, वर आणि खाली लांब पर, आणि चेहऱ्यावर कायम आपण काहीतरी विसरलोय असा भाव. (हा भाव आमच्या घरात आधीपासून होता, माझ्या तोंडावर.)

"सहा कशाला?" मी विचारलं.

"ह्यांची जोडी आपण लावायची नसती. सहा आणायचे, मोठे होऊ द्यायचे. मंग त्यातले दोघं आपापलं ठरवतात." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्यासाठी सतरा पोरी बघाव्या लागल्या."

सतरावी तेव्हा चहा गाळत होती. तो चहा मला गारच मिळाला.

मी एका शाळेत विज्ञान शिकवतो. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे त्याची लाज वाटणार आहे.

वर्षभरात खरोखरच दोघांनी आपापलं ठरवलं. अण्णांनी बाकीचे चार वाटून टाकले. जोडीला अंडी घालायला काहीतरी उभं, गुळगुळीत लागतं म्हणून टाकीत एक पाटी तिरकी ठेवली. ती माझी पहिलीतली पाटी निघाली! लाकडी चौकटीवर खिळ्याने कोरलेलं माझं नाव अजून वाचता येत होतं. एवढी वर्षं ती कुठे ठेवली होती, कशासाठी, असं मी विचारलं. "काळ्यावर अंडी बराबर दिसतात," एवढंच उत्तर मिळालं.

अंडी दिसायची, आणि दुसऱ्या दिवशी नसायची. आईबापच खाऊन टाकायचे. कोणी दार आपटलं, कुकरची शिट्टी झाली, टाकीवर सावली पडली की संपलं. चार वर्षं हेच चाललं. अण्णांना एकदाच, फक्त एकदाच पिल्लं पोहताना बघायची होती. मी म्हणालो, कसले हे आईबाप. तर म्हणाले, "भ्यायले की खातात. आपल्या पोटात तरी राहतील, असं वाटत असंल त्यांना."

एप्रिलमधल्या एका सोमवारी दुपारी पुन्हा अंडी आली. मंगळवारी सकाळी अण्णा टाकीसमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. आईने चहाची कपबशी जरा जोरात ठेवली तेव्हा त्यांनी बोट ओठावर ठेवलं आणि म्हणाले, "हळू. अंडी हायेत." ती बिस्किटं आणायला आत गेली, परत आली तर बोट तसंच होतं आणि अण्णा नव्हते. शेवटचं काय बोलले, असं पुढे दहा दिवस येणारा जाणारा विचारायचा. आई खरं ते सांगायची. लोक मान खाली घालायचे आणि रामाचं नाव कसं नाही आलं याचा विचार करायचे.

त्या दहा दिवसांत मी रडलो नाही. वेळच नव्हता. टाकी बैठकीच्या खोलीत, आणि भेटायला येणारी माणसंही तिथेच बसणार. आमच्याकडे मयताच्या घरी बायका येतात त्या फाटकापासूनच गळा काढत येतात, आणि आवाज जेवढा मोठा तेवढं नातं जवळचं. इकडे गुरुवारी अंड्यांतून बारीक शेपट्या वळवळायला लागलेल्या, आणि जोडीने चार वर्षांत पहिल्यांदाच एकही खाल्लेलं नव्हतं. मी फाटकात उभा राहिलो आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगू लागलो की जरा हळू रडा, आत पिल्लं आहेत. पहिल्या दोघीतिघींना वाटलं घरात कोणाचं तान्हं मूल आहे. त्यांनी पदर तोंडात घातला आणि आत जाऊन इकडेतिकडे पाळणा शोधला.

मग केदारखेड्याहून रुख्माआत्या आली. अण्णांची एकुलती एक बहीण. फाटकातच तिने छाती भरून श्वास घेतला होता. मी हळूच सांगितलं. तिने आत डोकावून टाकी पाहिली.

"माशांपायी?"

"अण्णांचे आहेत, आत्या."

तिने तो सगळा श्वास आवाज न करता सोडला. भावासाठी केदारखेड्यापासून सांभाळून आणलेलं रडू तिने माझ्यासमोर गिळलं, आणि मी तिला थँक यू म्हणालो! आजही आठवलं की मला माझी कीव येते.

पिल्लं पोहायला लागली. पाटीपुढे धुरासारखा एक पुंजका, आणि दोन्ही बाजूंना आईबाप. अण्णांच्या वहीत लिहिल्याप्रमाणे मी बाटलीत खारं पाणी करून त्यात त्यांच्या खाद्याचे बारीक जिवंत किडे उबवत होतो, दिवसातून चार वेळा घालत होतो. सुतक पाळायचं सोडून मी सुईण झालो होतो.

दहावा केदारखेड्याला, नदीवर. एप्रिलमधली नदी म्हणजे वाळू, दगड आणि मध्ये एक डबकं. पिंड ठेवला. कावळा बाभळीवर बसला होता, पण खाली येईना. मेलेल्या माणसाची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. मग आम्ही एकेक शब्द द्यायला लागलो. आईला अंतर देणार नाही. कावळ्याने मान फिरवली. आत्याला दरसाल दिवाळीला आणू. कावळ्याने चोच फांदीला घासली. माझ्या धाकट्या भावाने तंबाखू सोडली, पुडी भिरकावूनसुद्धा दिली. (जाताना उचलली.) ऊन डोक्यावर आलं, आणि माझं डोकं तर नुकतंच भादरलेलं.

आई म्हणाली, "माशांचं बोल."

मी म्हणालो, "अण्णा, मासे मी सांभाळीन." कावळा एक फांदी खाली उतरला आणि थांबला.

"पुरं बोल ना," आत्या म्हणाली. "पिल्लं मोठी करीन म्हण."

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी दरवर्षी मुलांना अंधश्रद्धेवर धडा शिकवतो. "पिल्लं मोठी करीन," मी म्हणालो, आणि माझं तोंड मिटायच्या आत कावळा भातावर होता. माझ्या अंगावर काटा आला. मला फार बरंही वाटलं, ते लपवत नाही. अण्णा माझ्यावर विश्वास टाकून गेले असं वाटलं, हयातीत त्यांनी मला बसची टपावरची दोरीसुद्धा बांधू दिली नव्हती.

गुरुजींनी कणकेच्या गोळ्या माशांना घालायला सांगितल्या. डबक्यात बेडूक होते. आत्याने गोळ्या पदराला बांधल्या. अंघोळीलाही पाणी नव्हतं, तेव्हा सगळ्यांच्या अंघोळी आमच्या घरी ठरल्या. आणि इथून पुढे जे झालं ते माझ्याच हाताने झालं.

न्हाणीघराच्या बाहेर एक मोठा ड्रम असायचा. त्यावर अण्णांच्या खडूच्या अक्षरात लिहिलेलं, 'माशांचे पाणी. हात लावू नये.' नळाच्या पाण्यात औषध असतं, माणसाला चांगलं, माशांच्या कल्ल्यांना जाळणारं. म्हणून ते दोन दिवस उघडं ठेवून मगच टाकीत घालायचं. मला माहीत होतं. मी शिकवतो. पण थोरल्या मुलाने आधी अंघोळ करायची असते, उन्हाने टाळू भाजली होती, आणि ते पाणी सावलीत गार झालेलं होतं. मी एक बादली घेतली. थोरल्याने घेतली म्हटल्यावर मागच्या सगळ्यांनी घेतली.

माझी मुलगी दार वाजवत होती. "बाबा, लवकर या, टाकीपाशी या."

"आलो," मी म्हणालो आणि दुसरी बादली डोक्यावर घेतली.

बाहेर आलो तेव्हा बैठकीत रांग लागली होती. घरात मासे असताना नदी कशाला, असं आत्याचं म्हणणं, आणि अण्णांच्या नावाने पुण्य प्रत्येकालाच हवं होतं. एकेक जण यायचा, डोळे मिटून टाकीत कणकेची गोळी सोडायचा, काचेला हात लावून नमस्कार करायचा. मुलगी एकटीच सांगत होती की मासे हे खात नाहीत, आणि मोठी माणसं तिला सांगत होती की अशा वेळी मध्ये बोलू नये. मी हात घालून सापडतील तेवढ्या गोळ्या काढल्या. बाकीच्या विरघळल्या होत्या.

सकाळी टाकीत पातळ ताक भरल्यासारखं दिसत होतं. जोडी वर येऊन तोंड उघडत होती, पिल्लं तळाला चालली होती. अर्धं पाणी तरी बदलायलाच हवं होतं. ड्रम कोरडा. तेवढ्यात, बऱ्याच दिवसांनी, नळाला पाणी आलं. मला वाटलं अण्णांनीच पाठवलं. मी दोन बादल्या भरल्या आणि सरळ टाकीत ओतल्या. औषधाचा वास मला येत होता. पण समोर पिल्लं मरत होती आणि दोन दिवस थांबायला माझ्याकडे दोन मिनिटं नव्हती.

नदीवर गेली तेवढं सोडलं तर दहा दिवस कोपऱ्यात बसलेली आई उठून आली. तिने टाकी बघितली, बादली हुंगली.

"रांजण भरलेला हाये की," ती म्हणाली. "आठ दिवसाचं पाणी हाये त्यात. शेजारीबी हाये. भोकरदनात कोणाच्या घरात शिळं पाणी न्हाई, सांग बरं मला."

खरंच. नळ रोज येत नाही म्हणून गावातल्या प्रत्येक घरात रांजण, टिपं, हंडे भरलेले. अख्खं गाव माशांच्या पाण्यावर बसलेलं, आणि विज्ञानाचा मास्तर नळाखाली बादली धरून उभा. आईने रांजणातलं पाणी हंड्याने आणून दोघा मोठ्यांना परातीत काढलं. ते वाचले. पिल्लांपैकी एकही नाही.

दुपारी मी चहाच्या गाळणीने ती टाकीतून काढत होतो. डोळा लावून बघावं तेव्हा दिसतील एवढीशी. चार वर्षं अण्णा ज्यासाठी त्या खुर्चीत बसले ते सगळं एका गाळणीत मावलं. आणि मग मी रडायला लागलो. अण्णांसाठी की पिल्लांसाठी, ते आता सांगता येणार नाही. फाटकापर्यंत ऐकू जाईल असा रडलो.

आत्या मागून आली. माझ्या तुळतुळीत डोक्यावर तिने हात ठेवला.

"हळू रड, बाबा," ती म्हणाली. "मासे हायेत."

आणि मग ती स्वतः रडली, दहा दिवसांचं, पोटभर, पूर्ण आवाजात. परातीतले दोघं जागचे हलले नाहीत.

याला दोन वर्षं झाली. जोडी अजून अंडी घालते, माझ्याच पाटीवर, आणि दुसऱ्या दिवशी खाते. मी अण्णांच्या खुर्चीत बसतो, ओठावर बोट ठेवून. खिडकीबाहेरच्या भिंतीवर रोज एक कावळा येतो. तोच असेल असं नाही, विज्ञान तसं म्हणत नाही, पण मी त्याच्याकडे बघायचं टाळतो. शब्द दिलेला आहे आणि तो माझ्याच्याने पुरा होण्याची चिन्हं नाहीत. म्हणून माझ्या दहाव्याला कावळा अडला तर काय बोलायचं, ते मी कागदावर नीट लिहून मुलीकडे देऊन ठेवलं. तिने शांतपणे सगळं वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "बोलीन मी, बाबा. फक्त त्या दिवशी पहिली अंघोळ कोणाची, तेवढं ठरवून जा."