नकाशावर न लागलेला झेंडा

ग्रुपवरच्या सगळ्यांना सांगते, आज माझी चांगलीच फजिती झाली.

गंगापूर रोडवरच्या एका शाळेने बोलावलं होतं. सातवीच्या मुलांना एकाहत्तरच्या युद्धाबद्दल सांगायचं होतं. आमचे हे तेव्हा तोफखान्यात होते. ते जाऊन दोन वर्षं झाली, म्हणून मी गेले. जाताना त्यांची तिथून आलेली पत्रं नेली.

मुलांनी पत्रं फार जपून हाताळली. भिंतीवर भारताचा मोठा नकाशा होता. एका मुलीने ह्यांचं नाव लिहिलेला कागदी झेंडा माझ्या हातात दिला. "आजी, आजोबा जिथे लढले तिथे लावा ना."

मी पत्रं उलटसुलट करून पाहिली. लष्करातून येणाऱ्या पत्रांवर गावाचं नाव नसायचं, नुसता पोस्टाचा नंबर. राजस्थानच्या बाजूला होते, एवढंच मला ठाऊक.

"त्यांनी कधी सांगितलं नाही?" तिने विचारलं.

सांगायचे हो! चहा घेताना कितीदा सुरुवात करायचे. मीच म्हणायचे, "पुरे झालं तुमचं युद्ध, आधी कोथिंबीर निवडा."

मुलांसमोर हे कुठल्या तोंडाने सांगणार? "विसरले गं," म्हटलं आणि झेंडा पर्समध्ये टाकला.

आता तो टेबलावर आहे आणि कोथिंबीर मीच निवडतेय. मघाशी मोठ्याने विचारलंसुद्धा, "अहो, त्या गावाचं नाव काय होतं?"

तुमच्या घरी असं कोणी जुनं सांगायला लागलं, की तुम्ही काय म्हणता?