आमच्या ह्यांचा राग मोजला तेव्हा

मैत्रिणींनो, आज आमच्या घरात राग मोजला! माझी भाची मानसशास्त्र शिकते. माणूस कशानं किती चिडतो याची परदेशी प्रश्नावली मराठीत करून ती आली आणि आमच्या ह्यांच्यासमोर बसली.

"काका, शून्य ते दहा सांगा. रांगेत कुणी मधी घुसलं तर?"

"शून्य. घुसू दे."

"कुणी मूर्ख म्हणलं तर?"

"शून्य. तुझी मावशी रोजच म्हणती."

सगळीकडं शून्य! कागद आवरून भाची उठली. "चहा नको काका, उशीर होतोय."

"आमच्या घरचा चहा नको? लाव तुझ्या बापाला फोन!" हे असे कडाडले की शेजारीण गॅलरीत आली.

पोरगी हसत खाली बसली आणि तिनं पेनानं नवा प्रश्न लिहिला : पाहुणा चहा न घेता निघाला तर?

तिच्या बशीत चहा ओतत हे म्हणाले, "लिही, शून्य."